पुरवठा साखळी व्यवस्थापनाचे प्राध्यापक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका विद्यापीठात मी हा विषय शिकवते. त्याआधी चार वर्षं चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात होते. दरवर्षी प्रवेशाच्या आणि भरतीच्या दिवसांत विद्यार्थी, त्यांचे पालक, कंपन्यांत काम करणारे लोक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

या विषयात नेमकं शिकवता तरी काय?

कच्चा माल निघाल्यापासून तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत मधे जे जे घडतं ते सगळं. खरेदी, साठा, गोदाम, वाहतूक, मागणीचा अंदाज, आणि या सगळ्यातून फिरणारा पैसा आणि माहिती. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव १९८२ साली कीथ ऑलिव्हर या सल्लागारामुळे लोकांसमोर आलं, पण हिशोब त्याहून जुने आहेत. एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच मांडलं. पहिल्या महिन्यात आजही ते फळ्यावर येतं, कारण त्यात विद्यार्थ्यांना न पटणारी एक गोष्ट दडलेली आहे: मागणी चौपट झाली तरी एका वेळची ऑर्डर दुप्पटच करायची असते. हे पटवायलाच एक तास जातो, आणि तो तास मला फार आवडतो.

आपल्याकडचं एक उदाहरण देते. जीएसटी येण्याआधी माल दुसऱ्या राज्यात विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत स्वतःची गोदामं ठेवायच्या. १ जुलै २०१७ नंतर ते कारणच उरलं नाही. मग प्रश्न आला की चार गोदामं मिळून एक केलं तर काय होईल? चारही भागांतली मागणी साधारण सारख्याच प्रमाणात वरखाली होत असेल आणि एका भागाचा दुसऱ्याशी संबंध नसेल, तर राखीव साठा (अचानक मागणी वाढली तर म्हणून ठेवलेला जादा माल) निम्म्यावर येतो. वाहतुकीचं अंतर मात्र वाढतं. या दोन्हींची तोंडमिळवणी कशी करायची, हा आमचा विषय.

पात्रता काय लागते?

विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम पाहावे लागतात. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. जुलै २०२३ च्या दुरुस्तीनंतर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट किंवा स्लेट (राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा) ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. नेटमध्ये ‘मॅनेजमेंट’ हा एकच विषय असतो, पुरवठा साखळीची वेगळी परीक्षा नाही. म्हणजे मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ हेही वाचावंच लागतं. पहिल्या पेपरात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि ती या दोन राज्यांपुरतीच ग्राह्य धरतात.

एमबीएची बरीचशी महाविद्यालयं एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) नियमांवर चालतात. तिथे २०१९ च्या नियमांनुसार प्रथम वर्गाबरोबर पदव्युत्तर पदवीनंतरचा २ वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागतात. जाहिरातीत कोणते नियम लिहिलेत हे नीट वाचून मगच अर्ज करा. दरवर्षी कोणी ना कोणी चुकीच्या नियमांवर विसंबून फॉर्म भरतं आणि छाननीतच बाद होतं.

पुढच्या पायऱ्या सांगायच्या तर सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध, प्राध्यापकासाठी पीएच.डी., १० वर्षं आणि १० शोधनिबंध. पीएच.डी. ऐच्छिक आहे ती फक्त दारातून आत येताना, एवढं ध्यानात असू द्या.

मी बी.कॉम. केलंय. गणित झेपेल का?

झेपेल. लागतं ते संख्याशास्त्र, थोडं कलन (कॅल्क्युलस), आणि रेषीय प्रोग्रॅमिंग (मर्यादित साधनांची सगळ्यात चांगली वाटणी काढायचं गणित). यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संख्याशास्त्र, आणि त्यातही सरासरीच्या पलीकडे बघण्याची सवय.

वर्गात मी एक हिशोब देते. रोजची मागणी १०० नग, ती रोज साधारण २० नगांनी वरखाली होते. दोन पुरवठादार आहेत. दोघांचाही माल सरासरी ४ दिवसांत येतो. पहिल्याचा नेमका चौथ्या दिवशी. दुसऱ्याचा कधी दोन, कधी सहा, बहुतेकदा मधे कुठेतरी. समजा दीड दिवसाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण तेवढा पुढेमागे. पहिल्याकडून घेतलं तर माल येईपर्यंतची अनिश्चितता ४० नगांची. दुसऱ्याकडून घेतलं तर सुमारे १५५ नगांची. राखीव साठा जवळजवळ चौपट लागतो, आणि कोटेशनवर दोघांच्याही पुढे ‘४ दिवस’ असंच लिहिलेलं असतं. दुसऱ्याचा दर एक रुपयाने कमी आहे म्हणून त्याला ऑर्डर देणारे खरेदी अधिकारी मी चाकणला पाहिले आहेत. मीही तेव्हा तसंच केलं असतं, कारण मला कोणी हा हिशोब शिकवला नव्हता. ही खंत पुढे मला शिकवण्याकडे घेऊन आली.

बी.कॉम.च्या मुलांना ताळेबंद वाचता येतो, साठ्यात अडकलेला पैसा त्यांना चटकन दिसतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना तो दिसायला वेळ लागतो.

प्राध्यापकाचा दिवस कसा असतो?

नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन. ऐकायला कमी वाटतं. त्याच्या मागे तयारी असते, पेपर काढणं आणि तपासणं, प्रकल्पांचं मार्गदर्शन, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, अभ्यास मंडळाच्या बैठका, प्लेसमेंटसाठी कंपन्यांना फोन. इंटर्नशिपच्या दोन महिन्यांत माझा फोन संध्याकाळी सहानंतर सुरू होतो, कारण मुलं दिवसभर गोदामात असतात आणि अडचण विचारायला तेव्हाच मोकळी होतात.

संशोधनाला वेळ कसा काढायचा, याचं माझ्यापुरतं उत्तर सकाळी साडेपाच ते साडेसात हे आहे. दुसरं जमलं नाही.

‘बिअर गेम’ म्हणजे काय? तो प्रत्येक प्राध्यापक का घेतो?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास हा खेळ तयार झाला. मी तो सरबताच्या क्रेटवर घेते. चार बाक: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. बोलायला बंदी. प्रत्येक फेरी म्हणजे एक आठवडा, आणि मागच्या बाकाकडे फक्त ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ, माल यायला वेळ. गिऱ्हाइकाची मागणी काय आहे हे एकट्या दुकानदाराला दिसतं.

पहिले चार आठवडे मागणी ४ क्रेट. पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. एवढा एकच बदल. दुकानदाराचा माल संपत येतो, तो घाबरून जास्त मागवतो. घाऊकवाला त्याहून जास्त. पंधराव्या आठवड्याच्या आसपास कारखान्याच्या बाकावर चाळीस क्रेटची चिठ्ठी येते, आणि पुढे काही आठवड्यांनी तिथे पोचते शून्याची. बोलायला बंदी असली तरी तोपर्यंत वर्गात कुजबूज सुरू झालेली असते. वितरकाच्या बाकावरचा मुलगा कपाळाला हात लावून बसतो, आणि दुकानदाराच्या बाकाला सगळे दोष देतात.

खेळ संपला की मी कारखान्याच्या बाकाला सांगते, गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल असं वाटतं, फळ्यावर काढा. ते मोठमोठ्या लाटा काढतात. मग मी शेजारी खरी रेघ काढते: ४ वर सरळ, एक पायरी, ८ वर सरळ. वर्ग एकदम शांत होतो. गिऱ्हाईक चंचल नव्हतं, लाटा आपणच तयार केल्या, हे तिथे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरून कळतं. कितीही स्लाइड दाखवल्या तरी ते असं उतरत नाही.

यालाच ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. चाबकाची मूठ थोडी हलवली की टोक जोरात फटकारतं, तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना बाळांच्या डायपरच्या बाबतीत हेच दिसलं होतं. बाळं रोज जवळपास सारखेच डायपर वापरतात, तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डर जबरदस्त वरखाली व्हायच्या. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या अभ्यासकांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणं मांडली: प्रत्येक टप्प्यावर नव्याने केलेले अंदाज, गठ्ठ्याने दिलेल्या ऑर्डर, सवलतीमुळे बदलणारे भाव, आणि टंचाईच्या भीतीने फुगवून केलेली मागणी. हे शेवटचं कारण २०२० च्या लॉकडाऊनच्या आधल्या संध्याकाळी किराणा दुकानासमोर आपण सगळ्यांनीच पाहिलं.

पुस्तकांतली उदाहरणं वॉलमार्ट आणि टोयोटाची असतात. आपल्याकडची का नाही शिकवत?

हा मला विचारला जाणारा सगळ्यात चांगला प्रश्न. शिकवायलाच हवीत, आणि ती प्राध्यापकाने स्वतः जाऊन गोळा करायची असतात.

मी दरवर्षी मुलांना लासलगावच्या कांदा बाजारात नेते. उन्हाळी कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा शेडमध्ये, साठवला जातो. नवा खरीप कांदा ऑक्टोबरपासून येऊ लागतो. मधले चार-पाच महिने देश या चाळींमधल्या कांद्यावर जेवतो. चाळीत ठेवलेला कांदा रोज थोडा हलका होतो, थोडा सडतो, पावसाळ्याच्या शेवटी कोंब काढतो. शेतकऱ्यासमोर रोज एकच प्रश्न: आज विकू की थांबू?

एका वर्षी लिलाव पाहून झाल्यावर एका शेतकऱ्याने मला विचारलं, “मॅडम, चाळीतला कांदा कधी काढायचा, ते तुमच्या सूत्रात बसतंय का?” सोबत चाळीस विद्यार्थी होते. मी म्हटलं, थोडंफार बसतं. घट किती होते ते बसतं, भाव कसा चढतो त्याचा अंदाजही बसतो. ते म्हणाले, “आन् निर्यात बंद केली तर?” ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. साठ्याच्या कोणत्याही सूत्रात ही अधिसूचना नाही. परतीच्या बसमध्ये मुलांनी त्यावर जी चर्चा केली, ती माझ्या सेमिस्टरमधली सर्वांत चांगली चर्चा होती. धोरणाची अनिश्चितता कोण सोसतो, हे तेव्हापासून माझ्या अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरण आहे.

भिवंडीची गोदामं, १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा शेवा बंदर, नाशिकची द्राक्षं, कोकणातला हापूस, मुंबईचे डबेवाले. आपल्या अंगणात इतकं आहे की वॉलमार्टला जागा कमीच पडावी. डबेवाल्यांबद्दल एक सांगते: त्यांच्या अचूकतेचे आकडे भाषणांत फार फिरतात. वर्गात आकडा सांगण्याऐवजी डब्यावरची खूण कशी वाचतात आणि स्टेशनवर डब्यांची वाटणी कशी होते ते दाखवा. शिकण्यासारखं तिथे आहे.

बारा वर्षं लॉजिस्टिक्समध्ये आहे. आता शिकवायला येऊ का?

जरूर या. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद सुरू केलं. त्याला साधारण १५ वर्षांचा अनुभव लागतो, नेट किंवा पीएच.डी. लागत नाही. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका करता येतात आणि मुदत ३ वर्षं, अपवादाने आणखी एक. म्हणजे ही कायमची नोकरी नव्हे. तीन वर्षं कमी असलेल्यांनी अतिथी व्याख्यानांपासून सुरुवात करावी.

एक कळकळीची सूचना. अनुभव सांगणं आणि अनुभव शिकवणं यांत फरक आहे. “आमच्या कंपनीत असं व्हायचं” एवढ्यावर दोन तास निघतात, सेमिस्टर निघत नाही. आपण जे केलं ते का चाललं आणि कुठे चालणार नाही, हे सांगता यायला हवं, आणि त्यासाठी पुन्हा पुस्तकं उघडावी लागतात. मला ते पहिल्या वर्षी जड गेलं होतं.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, सहयोगी प्राध्यापकाचं १,३१,४०० आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० रुपये. वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. आयआयएममध्ये श्रेणी १ च्या सहायक प्राध्यापकाची सुरुवात १,०१,५०० पासून होते.

हे झालं मंजूर, कायम पदाचं. महाराष्ट्रात हुशार, नेट-सेट झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. जेवढे तास तेवढेच पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि जून आला की पुन्हा मुलाखत. विनाअनुदानित महाविद्यालयांत कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत तफावत असते. माझ्या एका सहकाऱ्याने सात वर्षं असं काढलं आणि शेवटी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी धरली. तो आमच्यातला सर्वांत चांगला शिक्षक होता. मला त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून घरची जबाबदारी असलेल्यांना मी सांगते की कंपनीतली नोकरी सोडण्याआधी कायम पदाचं नेमणूकपत्र हातात असू द्या.

पीएच.डी. कशी करावी? किती वर्षं लागतात?

२०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ वर्षं, कमाल ६, सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. ती मिळाली तर घरून पैसे मागावे लागत नाहीत. मार्गदर्शकाकडे जागा ठरावीक असतात: प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४. नावाजलेल्या माणसाकडे जागा नसेल तर तरुण सहायक प्राध्यापकाकडे जायला कचरू नका. तो तुमचा मसुदा वाचेल.

खरी अडचण आकडेवारीची असते. माझ्या एका विद्यार्थिनीला एका कंपनीने दोन वर्षांचा डिस्पॅच डेटा देण्याचं तोंडी कबूल केलं. तिने सगळं प्रारूप त्यावर उभं केलं. मग तिथले अधिकारी बदलले, नव्यांनी नकार दिला, आणि तिचं एक वर्ष फुकट गेलं. चूक माझी होती. लेखी पत्र मी आधी मागायला हवं होतं. आता कंपनीच्या लेटरहेडवर परवानगी आल्याशिवाय मी विषय नोंदवू देत नाही. पत्रात डेटा कोणता, किती काळाचा, नावं झाकायची का, आणि शोधनिबंधात वापरता येईल का, या चारही गोष्टी हव्यात.

एआय आल्यावर या विषयाचं काय होणार?

अंदाज बांधायची कामं यंत्रं चांगली करतात, आणि मुलांनी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलीच पाहिजे. पण मागच्या वर्षी एका गटाने औषध दुकानाच्या विक्रीवरून सुंदर मॉडेल केलं. एका सिरपची मागणी दर महिन्याच्या शेवटी शून्यावर जाते, असं त्यांनी दाखवलं. मी त्यांना दुकानात परत पाठवलं. महिन्याच्या शेवटी ते सिरप संपलेलं असायचं. माल नव्हता म्हणून विक्री नव्हती. गिऱ्हाईक येऊन परत जात होतं आणि त्याची नोंद कुठेच होत नव्हती. विक्री म्हणजे मागणी नव्हे. फळीवर बाटली नव्हती हे मॉडेलला कोण सांगणार?

मुलींसाठी हे क्षेत्र कसं आहे?

मी डिस्पॅचला लागले तेव्हा तिथे महिलांसाठी स्वच्छतागृह प्रशासकीय इमारतीत होतं, ट्रक भरायच्या डॉकपासून दहा मिनिटांवर. आता नव्या गोदामांत परिस्थिती बरी आहे, सगळीकडे नाही. क्षेत्रभेटीआधी मी ही चौकशी स्वतः फोनवर करते. मुलींनी या कारणासाठी विषय सोडू नये. आज माझ्या वर्गातल्या जवळपास निम्म्या जागांवर मुली आहेत.

मराठीतून शिकवता येतं का?

परीक्षा आणि पुस्तकं इंग्रजीत आहेत, त्यामुळे वर्ग दोन्हींत चालतो. पण आडत, हमाली, तूट, परतीचं भाडं, उधारी हे शब्द आले की मागच्या बाकावरचं मूल पुढे सरकतं. परतीचं भाडं न मिळाल्याने रिकामा ट्रक परत येतो, हे ज्याच्या घरी ट्रक आहे त्याला मी काय शिकवणार? त्यालाच फळ्याजवळ बोलावते.

शिकवण्याबरोबर कंपन्यांना सल्ला देता येतो का?

संस्थेच्या परवानगीने, आणि शुल्कातला ठरावीक वाटा संस्थेला देऊन. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे आहेत.

मी अजून विद्यार्थी आहे. आजपासून काय करू?

घराजवळचं एक किराणा दुकान निवडा आणि मालकांची परवानगी घ्या. एकच वस्तू धरा, समजा अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी. तीस दिवस रोज रात्री चार गोष्टी वहीत लिहा: सकाळी किती आल्या, रात्री किती उरल्या, संपल्या असतील तर किती वाजता, आणि उद्यासाठी किती सांगितल्या. काकांना विचारा की आकडा कसा ठरवला. एकादशी, पाऊस, शाळेची सुट्टी, क्रिकेटची मॅच, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. माझ्याकडे प्रवेशाच्या मुलाखतीला आलात तर प्रमाणपत्रांच्या फाइलच्या वर ती वही ठेवा. आपण तिथून बोलायला सुरुवात करू.